वाफ्यातली भेंडी पिवळी पडतेय? खताआधी माती बघा

ताई, नाशिकच्या पाथर्डी फाट्याला रो-हाउससमोर विटांचे वाफे बांधले, शेजारच्या बांधकामातून निघालेली काळी माती भरली, आता भेंडी पिवळी पडतेय आणि पाणी वरच साचतंय असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं. बियाणं, ऊन, पाणी यावर बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आधी पान हातात घ्या. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली, तर नत्र (नायट्रोजन) कमी. शिराच पिवळ्या होऊन जाळी दिसली, तर केवडा, म्हणजे विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते. रोप उपटा, उगाच फवारत बसू नका. पुढच्या वेळी केवड्याला दाद न देणारं वाण बघून लावा; ‘परभणी क्रांती’ त्यासाठीच काढलं होतं, पण आता तेही बऱ्याच ठिकाणी बळी पडतं.

आता मातीचं. पायासाठी खोल खणून काढलेल्या मातीत सेंद्रिय अंश जवळपास नसतो. शिवाय त्यात चुनखडी, सिमेंटचा चुरा, त्याने सामू (pH, मातीच्या आम्ल-अल्कतेचं माप) चढतो. सामू चढलेला असला की मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. हेच मला एका माती तपासणीच्या ऑफिसातून कळायला हवं होतं. नाव घेत नाही. तिथे पहिला प्रश्न : सातबारा कुठाय? अहो, बंगल्याच्या अंगणाचा सातबारा कुठून आणू? प्रॉपर्टी कार्ड दाखवलं तर "हे चालत नाही". शेवटी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गट नंबरावर माझा नमुना त्यांनी घेतला. रिपोर्ट आला तेव्हा मे उजाडला होता. पीक : द्राक्ष. खताची मात्रा हेक्टरी किलोत, आणि माझा वाफा खाटेएवढा! सामूचा रकाना कोरा. विचारलं तर "मशीन बंद होतं". अख्खा उन्हाळी हंगाम त्या कागदाची वाट बघण्यात गेला.

म्हणून सांगतो, थांबू नका. कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना आहे. आमची माती चांगली चरचरली होती. नेमका सामू यातून कळत नाही, पण निर्णयाला पुरे.

मी कृषी पदवीधर नाही, तेव्हा आधी दोन-चार रोपांवर करून बघा : लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट (यातून लोह मिळतं), थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारणी. ही मलमपट्टी झाली. खरं काम म्हणजे वरची वीतभर माती काढून चांगलं कुजलेलं शेणखत आणि लाल माती मिसळणं. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. मूठभर वाळूने काळी माती मोकळी होत नाही, कुणी काही म्हणो.

आणि व्हिडिओत दिसतात तसले कंबरभर उंच वाफे नाशिकच्या एप्रिल-मेत नकोतच, कडेने भराभर सुकतात. वीतभर गादीवाफा, वर भाताचा पेंढा, बस. द्राक्षबाग मोडणाऱ्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्या स्वस्तात मिळतात, छिद्रं तेवढी तपासून घ्या.

वाफ्याखाली जमीन आहे की कोबा, ते लिहिलं नाहीत. कोबा असेल तर तळाच्या थरातली एखादी वीट आधी काढा, साचलेलं पाणी बाहेर पडू दे.