लायसोसोमला दिशा कोण देतं, आणि मागेपुढे धावणं फुकट जातं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिवंत पेशीच्या व्हिडिओत लायसोसोमचे (पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्यांचे) चमकते ठिपके दिसले, काही केंद्रकाकडे धावत होते, काही मध्येच थांबून उलटे फिरत होते. त्यांना दिशा कोण देतं, आणि असं मागेपुढे करण्यात ऊर्जा वाया जात नाही का? पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत लयकारिका (म्हणजेच लायसोसोम) एका जागी गोल काढलेल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न पडायलाच हवा. बरीच वर्षं पेशींचं इमेजिंग करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रस्ते. लायसोसोमचा आकार साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटर, आणि पेशीद्रव प्रथिनांनी खचाखच भरलेलं. एवढी मोठी पिशवी नुसती तरंगत कुठे पोचणार नाही. लांबचा प्रवास होतो तो मायक्रोट्यूब्यूलवरून. या सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या आहेत आणि त्यांची दोन टोकं सारखी नसतात. फायब्रोब्लास्टसारख्या (संयोजी ऊतीतल्या) पेशीत ऋण टोकं बहुतांश केंद्रकाजवळ असतात, धन टोकं कडेच्या बाजूला. मोटर-प्रथिनं म्हणजे माल ओढत या नळ्यांवरून चालणारी प्रथिनं. त्यांतली कायनेसिनं (बहुतेक प्रकार) धन टोकाकडे चालतात, डायनिन ऋण टोकाकडे. म्हणजे ‘बाहेर’ आणि ‘आत’ या दिशा रस्त्यातच कोरलेल्या आहेत. लायसोसोमला फक्त कोणती मोटर जोडून घ्यायची एवढंच ठरवायचं असतं.

खरी गंमत या जोडणीत आहे. बाहेर जायचं तर लायसोसोमच्या पटलावर (भोवतीच्या आवरणावर) बॉर्क नावाचा आठ प्रथिनांचा समूह आर्ल-८ या छोट्या प्रथिनाला बसवतो, आर्ल-८ स्किप या प्रथिनाला धरतं आणि स्किप कायनेसिन-१ ला. आत यायचं तर रॅब-७ हे प्रथिन पटलावर बसतं, ते रिल्प या प्रथिनाला धरतं आणि रिल्प डायनिनला. इथे ओआरपी१एल हे प्रथिन मला सगळ्यात सुंदर वाटतं, कारण ते पटलातलं कोलेस्टेरॉल ओळखतं. कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर ते गप्प असतं, डायनिन जोडलेलं राहतं आणि लायसोसोम केंद्रकाजवळ गोळा होतात. कोलेस्टेरॉल कमी झालं की ओआरपी१एलचा आकार बदलतो, ते शेजारच्या आंतर्द्रव्यजालिकेवरच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावरच्या) व्हॅप या प्रथिनाला जाऊन चिकटतं, डायनिनची पकड सुटते आणि लायसोसोम कडेकडे पसरतात. निमन-पिक सी या आनुवंशिक आजारात लायसोसोममधून कोलेस्टेरॉल बाहेरच पडत नाही. त्या पेशींत लायसोसोम केंद्रकाभोवती दाटीवाटीने बसलेले दिसतात, त्याचं एक कारण हेच.

अन्नाचंही तसंच. पेशींना अमिनो आम्लं आणि सीरम (रक्तातला द्रव भाग) नीट मिळत असेल तर बरेच लायसोसोम कडेला असतात. वाढीचे संदेश पेशीपटलाकडून येतात, आणि ते ऐकणारं एमटॉर्क-१ हे प्रथिनांचं संकुल लायसोसोमच्याच पृष्ठभागावर काम करतं. उपासमार झाली की लायसोसोम आत सरकतात. ऑटोफॅगोसोमही (पेशीतला जुना माल गुंडाळून घेणाऱ्या पिशव्याही) डायनिनच्या मदतीने त्याच भागात येतात, दोघांची गाठ पडून विलय होतो आणि पेशी स्वतःचाच जुना माल पचवून दिवस काढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उपाशी पेशीतले लायसोसोम मुद्दाम कडेला ढकलले, तर एमटॉर्क-१ हवं तेवढं शांत झालं नाही आणि ऑटोफॅगोसोमशी विलयही मंदावला. तेव्हा जागा ही नुसती परिणाम म्हणून बदलत नाही, कामावरही तिचा अंमल चालतो. माझ्या मते हा मुद्दा आपल्या अभ्यासक्रमात यायलाच हवा. ‘आत्मघाती पिशव्या’ एवढंच शिकवून लायसोसोमवर अन्याय होतो.

आता मागेपुढे करण्याबद्दल. एकाच लायसोसोमवर दोन्ही जातींच्या मोटारी एकाच वेळी असू शकतात, म्हणजे रस्सीखेच. कायनेसिन एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूमागे) ८ नॅनोमीटरचं पाऊल टाकतं आणि एकटं साधारण ५-६ पिकोन्यूटन (बलाचं अतिसूक्ष्म एकक) जोर लावतं. सस्तन प्राण्यांचं डायनिन एकटं त्यामानाने दुबळं, पण चमूने काम करण्यात पटाईत. ओझं नसताना ते २४-३२ नॅनोमीटरच्या ढांगा टाकतं, ओझं वाढलं की पावलं ८ नॅनोमीटरपर्यंत आखूड करतं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) रूप मल्लिक यांच्या गटाने फॅगोसोमवर (पेशीने बाहेरून गिळलेला कण असलेल्या पिशवीवर) हे फार बारकाईने पाहिलं. फॅगोसोम नवा असताना मागेपुढे करतो. तो जुना होतो तशी पटलावरच्या कोलेस्टेरॉलयुक्त तुकड्यांत डायनिनं एकत्र गोळा होतात, सगळी मिळून ओढतात आणि फॅगोसोम सरळ आत, लायसोसोमच्या दिशेने निघतो. म्हणजे आधीचं घुटमळणं वाया जातं असं मला वाटत नाही. त्या काळात फॅगोसोमची इतर पुटिकांशी (छोट्या पिशव्यांशी) गाठ पडत राहते. शिवाय वाटेत अडथळा आला तर थोडं मागे येऊन दुसऱ्या मायक्रोट्यूब्यूलवर जाता येतं. एटीपीचा खर्च होतो, पण पेशीच्या एकूण खर्चात तो मोठा नाही.

चेतापेशीत हाच प्रवास जीवनमरणाचा होतो. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा अक्षतंतु (चेतापेशीचा लांब धागा) मीटरभर असू शकतो. सेकंदाला १ मायक्रोमीटर वेगाने न थांबता चाललं तरी तेवढ्या अंतराला साडेअकरा दिवस लागतात. टोकाकडचा कचरा वेळेत आला नाही तर तो वाटेत साचतो आणि अक्षतंतु फुगायला लागतो.

तुम्ही स्वतः हे मोजणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. लायसोट्रॅकर हा चमकणारा रंग आम्लता बघून जमा होतो, त्यामुळे ठिपका विझला म्हणजे लायसोसोम निघून गेला असं नाही. आम्लता घटली असेल किंवा तो फोकसच्या खाली गेला असेल. दर पाच सेकंदांनी एक फ्रेम घेतलीत तर धावणाऱ्या ठिपक्याची ओळख हरवते, सेकंदाला एक-दोन फ्रेम तरी घ्या. आणि नोकोडाझोल या औषधाचा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) ठेवाच. त्याने मायक्रोट्यूब्यूल विरघळले की लांब धावा बंद पडतात आणि जागच्या जागी थरथरणं तेवढं उरतं. ते थरथरणं तुमच्या मोजणीतून वगळायचं असतं.