डॉक्टरांनी बाळाचा मसल टोन कमी आहे असं सांगितलं. म्हणजे बाळ अशक्त आहे का?

तसंच असेल असं नाही. टोन म्हणजे स्नायू निवांत असतानाही त्यात असलेला हलका ताण. ताकद म्हणजे जोर लावण्याची क्षमता. काही आजारांत मात्र दोन्ही कमी होतात. टोन कमी असलेलं बाळ काखेत धरून उचललं की हातातून निसटतंय असं वाटतं, मान उशिरा धरतं, दूध ओढताना दमतं.

हायपोटोनिया, म्हणजे टोन कमी असणं, हे लक्षण आहे, त्यामागचं कारण शोधावं लागतं. ते मेंदूत, मज्जारज्जूत, नसांत किंवा स्नायूंत असू शकतं: डाउन सिंड्रोम, जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडणं, थायरॉइडची कमतरता, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणारा जनुकीय आजार स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. शेवटच्या दोन्हींत वेळ फार मोलाचा. अ‍ॅट्रॉफीवर २०१६ पासून औषधं मिळू लागली, पण नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत. म्हणून 'होईल आपोआप' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. तपासण्या करून घ्याच.

काही मुलांत कारण सापडत नाही, आणि त्यातली बरीच फिजिओथेरपीच्या मदतीने छान चालू लागतात. श्वासाला त्रास, गिळता न येणं किंवा आधी जमणारी हालचाल बंद होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.