वहीतली मोटार कंपनी

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मी एका दोनशे पानी वहीत मोटार कंपनी तयार केली आहे. ती १९४८ साली सांगलीत सुरू झाली आणि आतापर्यंत तिची अकरा मॉडेल निघाली. पहिल्याच गाडीला व्ही-८ इंजिन आहे, वेग ताशी १८० किलोमीटर. चार पानांची झेरॉक्स सोबत पाठवतो. माझा मित्र म्हणतो, चित्रं भारी आहेत पण कंपनी खोटी वाटते. ती खरी वाटावी म्हणून काय करू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुझी चारही पानं टेबलावर पसरून भिंगातून पाहिली. १९६२ च्या मॉडेलच्या मागच्या दिव्यांना तू जो उतार दिला आहेस, तो मला फार आवडला. मी चौतीस वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काढली, त्यातली पहिली अकरा टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्यात. त्यामुळे तुझं पत्र हातात आल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

तुझ्या मित्राला काय खटकलं असेल, ते सांगतो. तुझ्या कंपनीला कधीच काही कमी पडलेलं नाही. यंत्रं मिळाली, पोलाद मिळालं, परवाना मिळाला, दर पाच वर्षांनी कोरी करकरीत नवी गाडी निघाली. खऱ्या कंपनीच्या प्रत्येक गाडीवर तिची अडचण उमटलेली असते. म्हणून आता गाडी काढायची थांबव आणि आधी कारखाना काढ. किती यंत्रं, कुठून आणलेली, कोणाला चालवता येतात, हे ठरलं की गाडी कशी असणार ते निम्मं आपोआप ठरतं.

१९४८ पासूनच सुरुवात करू. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. ती अमेरिकन क्रायस्लरची गाडी होती. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने मुंबईला यायचे आणि इथे जोडले जायचे. एवढा मोठा उद्योगपती, गोदी हाकेच्या अंतरावर, तरीही सुरुवात जोडणीपासून. मग सांगलीत त्याच सुमारास व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) कोण ओतणार? तुझी कंपनीही जोडणीच करत असणार. आणि इथे तुला एक फार चांगली अडचण फुकटात मिळते. तेव्हा पुणे-मिरज रेल्वे मीटर गेज होती. मुंबईहून ब्रॉडगेजने आलेलं प्रत्येक खोकं पुण्यात उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावं लागणार. काचा फुटणार, मडगार्डला पोचे पडणार. मग तुझ्या मालकाने पोचे काढणारे दोन पत्राकाम करणारे कारागीर कायमचे नोकरीला ठेवले, आणि पुढे त्याच दोघांच्या हाताखाली कंपनीचं बॉडीशॉप उभं राहिलं, असं लिही. बघ, एका रेल्वेरुळातून एक खातं निघालं.

ओतकामाची माणसं तुला घराजवळच मिळतील. किर्लोस्करवाडी तुझ्याच जिल्ह्यात आहे. तिथे १९१० पासून लोखंडी नांगर बनत आले, पुढे पंप आले. साचा भरणारा, रस ओतणारा माणूस त्या भागात तयार होता. तेव्हा तुझ्या कंपनीने स्वतः बनवलेला पहिला भाग कोणता असेल? मी ब्रेकड्रम म्हणेन. तो ओतायला सोपा, लेथवर चढवायला सोपा, आणि चुकला तर पुन्हा भट्टीत घालता येतो.

आता १९५३ साल वहीत लाल शाईने लिही. टॅरिफ कमिशनचा, म्हणजे जकातीबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी आयोगाचा, अहवाल आला आणि सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच धंद्यात राहावं. नुसती जोडणी करणाऱ्यांना वाट नव्हती. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून कारखाना होता, त्यांनी गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. तुझी कंपनी का टिकली? याचं उत्तर देता आलं पाहिजे, कारण जाणकार वाचक पहिला प्रश्न हाच विचारेल. त्या काळी टिकण्याचा एकच मार्ग होता. युरोपातल्या एखाद्या कंपनीशी करार करायचा, तिचं मॉडेल घ्यायचं, आणि ते वर्षानुवर्षं चालवायचं. प्रीमियरने फियाट घेतली, हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, मद्रासच्या स्टँडर्डने १९६१ मध्ये हेराल्ड आणली.

तुझ्या करारातली कंपनी इंग्लंडची की इटलीची, हे आजच ठरव, कारण त्यावर गाडीचा प्रत्येक नट ठरतो. माझ्या मामांचं मिरजेत गॅरेज होतं. भिंतीवर लाकडी फळ्या दोन. एकीवर मिलिमीटरचे पाने, दुसरीवर इंचाचे, आणि इंचाच्या पान्यांच्या दांड्याला मामांनी लाल रंग दिलेला. फियाट आली की साधी फळी, अँबेसेडर आली की लाल. सुट्टीत मी तिथे हाताखाली असायचो. एकदा घाईत अर्ध्या इंचाच्या नटाला मी तेराचा पाना लावला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाना बसतो, बसला असं वाटतंही, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते. जोर दिला आणि नटाचे कोपरे गोल झाले. मामा काही बोलले नाहीत. छिन्नीने तो नट काढायला त्यांना पाऊण तास लागला, तेवढा वेळ मी बॅटरी धरून उभा होतो. तुझ्या कंपनीने इंग्लिश इंजिन आणि पुढे कधी जर्मन गिअरबॉक्स घेतला, तर एकाच गाडीला दोन्ही पाने लागतील. गावोगावचे मेस्त्री वैतागतील. हे वहीत लिही, गाडी लगेच रस्त्यावर धावू लागेल.

आता इंजिन. इथे जरा वेळ काढ, कारण खरी गंमत इथेच आहे. व्ही-८ सोडून दे, चार सिलिंडरचं घे. समज, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ७८. एका सिलिंडरचं आकारमान तू काढू शकतोस. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय (π) गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये. साडेतीनचा वर्ग १२.२५, गुणिले ३.१४१६, गुणिले ७.८, म्हणजे ३०० च्या किंचित वर. चौपट केलं की १२०० सीसी. हाच हिशेब फियाट ११०० ला लावून बघ. बोअर ६८, स्ट्रोक ७५. उत्तर १०८९ येईल, आणि कागदोपत्री तोच आकडा आहे. तुझ्या वहीत १९७१ च्या मॉडेलला बोअर ७५, स्ट्रोक ८० आणि १६०० सीसी लिहिलंय. करून बघ, १४१४ येतात. असा एक आकडा चुकला की जाणकार वाचक वही मिटतो.

पुढचं त्याहून महत्त्वाचं. दोन शेजारच्या बोअरच्या मध्यांमधलं अंतर, त्याला आम्ही पिच म्हणतो, ते एकदा ठरलं की ठरलं. चारही बोअर एका दमात कापणारं यंत्र कारखान्यात बसवलेलं असतं, त्याचे स्पिंडल, म्हणजे कापणारे फिरते दांडे, त्याच अंतरावर पक्के असतात. पिच बदलायचा म्हणजे यंत्रच नवं घ्यायचं, आणि त्या काळात त्यासाठी परकीय चलन कोण देणार? समज, पिच ८० आहे. बोअर ७० असताना दोन सिलिंडरमध्ये १० मिलिमीटर जागा राहते, पाणी फिरायला पुरेशी. काही वर्षांनी लोक म्हणतात गाडी चढाला दमते. कंपनी बोअर ७३ करते, १३०६ सीसी होतात. मध्ये राहिले ७. अजून चालतं. मग आणखी काही वर्षांनी विक्री खातं हट्ट धरतं, बोअर ७६ होतो, १४१५ सीसी. मध्ये राहिले चार. आता तिथून पाणी जात नाही, लोखंड तापतं, आणि ब्लॉक आणि त्याच्या झाकणामधल्या हेड गॅस्केटची दोन सिलिंडरमधली अरुंद पट्टी जळते. कधी? मे महिन्यात, सहा माणसं, कॅरिअरवर ट्रंक, खंबाटकी घाट. तुझ्या कंपनीची ती बदनाम गाडी. प्रत्येक खऱ्या कंपनीच्या नावावर अशी एखादी गाडी असते. तुझ्या अकरांमध्ये एकही नाही, म्हणून ही तिथे बसव.

बॉडीबद्दल एकच सांगतो. अकरांपैकी आठ मॉडेल खोड. पत्रा दाबायच्या साच्यांना, म्हणजे ‘डाय’ना, अफाट पैसा लागतो, म्हणून दारं, छप्पर, डिकी तीच राहतात आणि जाळी, दिवे, बंपर बदलतात. अँबेसेडर मार्क टू १९६२ ची, मार्क थ्री १९७५ ची. पाहणाऱ्याला आकार तोच. शिवाय तुझ्या बॉनेटवरची धारदार घडी पत्र्यात येणार नाही. आमच्या टूलरूममध्ये एका मडगार्डचा डाय आला होता, कोपऱ्याची त्रिज्या चार मिलिमीटर. दर तिसरा पत्रा तिथेच फाटायचा. निळा रंग लावायचा, जॉब दाबायचा, कुठे घासतंय ते बघायचं, दगडाने घासायचं, पुन्हा दाबायचं, असे अकरा दिवस गेले. शेवटी त्रिज्या सहा केली तेव्हा पत्रा शाबूत निघाला. ड्रॉइंगवर सुधारणा ‘ब’ अशी नोंद झाली. आजही ती गाडी दिसली की माझी नजर आधी त्या कोपऱ्यावर जाते. तू प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात सुधारणांचा तक्ता काढ. अ, ब, क, तारीख, आणि बदल का केला ते चार शब्दांत. तुझ्या कंपनीचा इतिहास त्या तक्त्यांतच लिहिला जाईल.

परदेशी गाडी इथल्या रस्त्यांनी कशी बदलली, तेही बघ. हेराल्ड मूळ दोन दारांची. मद्रासच्या कंपनीने तिला चार दारं केली, कारण आपल्याकडे मागच्या सीटवर आजी बसते. मागची चाकं स्वतंत्र झुलणारी होती. १९७२ ला तिच्यावरूनच गॅझेल काढताना त्या जागी सरळ एकसंध ॲक्सल घातला.

आणि एखाद्या रविवारी इचलकरंजीला जा, तुझ्यापासून लांब नाही. तिथल्या शंकरराव कुळकर्णींनी शाळा फारशी न शिकता ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः बनवली. १९४९ पासून सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने सुधारत नेले. गाडी बाजारात कधीच आली नाही. तुझ्या वहीत अशा माणसालाही एक पान हवं. त्याने तुझ्या कंपनीच्या दारात येऊन आपली गाडी दाखवली आणि तुझ्या मालकाने त्याला काय उत्तर दिलं, ते मला वाचायचं आहे.

प्रश्न : माझ्या कादंबरीत गिरगावातला एक बँक कारकून १९६८ साली एका काल्पनिक कंपनीच्या शोरूममध्ये जातो, गाडी आवडते आणि त्याच आठवड्यात घरी आणतो. हे पटेल का?
– एक लेखिका, डोंबिवली

उत्तर : ताई, नाही पटणार. मोटारींच्या विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रणाचा आदेश होता. गाडीसाठी अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. स्कूटरलाही तीच गत. नंबर लागल्याचं पत्र आलं की ते देवापुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या कारकुनाने १९६१ ला नंबर लावला, मधल्या काळात लग्न झालं, मूल झालं, आणि पत्र आलं तेव्हा पैसे बहिणीच्या लग्नात गेलेले होते, असं केलंत तर तुमचं अर्धं कथानक उभं राहतं. रंग निवडायला मिळत नाही, जो येईल तो घ्यायचा. आणि त्याने नवी गाडी न घेता जुनी फियाट, लोक जिला ‘डुक्कर’ म्हणायचे ती, घेतली, तरी गिरगावात तिची पूजा तेवढ्याच थाटात होईल.

प्रश्न : वर ज्याचं पत्र आहे त्या मुलाचा मी वडील. त्याच पाकिटात ही चिठ्ठी घालत आहे, त्याला माहीत नाही. पुढच्या वर्षी दहावी. वही काढून घ्यावी का?

उत्तर : दादा, काढून घेऊ नका. वहीत एक गणित चुकलं आहे, पण ते त्याने कोणी न सांगता केलेलं गणित आहे. मी काय करेन ते सांगतो. एक साधा व्हर्नियर कॅलिपर घेऊन द्या. मग कुपवाडच्या एमआयडीसीत इंजिन रिबोअर करणारं, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कापून देणारं, एखादं दुकान शोधा आणि शनिवारी दुपारी त्याला घेऊन जा. यंत्र रिकामं असलं तर मेस्त्री सहसा हाकलत नाहीत. एखादा उघडा ब्लॉक दाखवायला सांगा आणि दोन बोअरमधली जागा त्याला स्वतःच्या हाताने मोजू द्या. आकडा वहीत लिहून मला पाठवायला सांगा, सोबत गाडीचं नाव आणि साल.