एक्सपीचं व्हर्च्युअल मशिन आणि विंडोज ११ यांच्यात फाइली कशा न्यायच्या-आणायच्या?

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही दापोलीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम करता. जुना पीसी बसला, म्हणून त्यातलं विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचं पेजमेकर ७ व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशिन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवलंत. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, विंडोज ११ आहे. एक्सपीतून होस्टचा शेअर केलेला फोल्डर उघडत नाही, पेन ड्राइव्हही दिसत नाही. कुणीतरी सांगितलं की होस्टवर एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, सगळं सुरळीत होईल. करावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू, अगदी कळकळीनं सांगतो. माझंही लहानसं छपाईचं दुकान आहे, वाशिष्ठीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. लग्नपत्रिका, आंबापेटीची लेबलं, नमनाची पोस्टरं, शिमग्यातली पालखीची पत्रकं अशी कामं असतात. वीस वर्षांचे साचे पेजमेकरमध्ये पडून आहेत आणि गिऱ्हाईक येतं ते ‘दादा, मागच्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला’ म्हणत. त्यामुळे एक्सपी सोडता येत नाही, ही तुमची अडचण मला नीट कळते.

आधी फोल्डर का उघडत नाही ते सांगतो. नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्यासाठी एक्सपीला एसएमबीची पहिली आवृत्ती तेवढी येते. दुसरी आवृत्ती विस्टाबरोबर आली, ती एक्सपीला कधीच मिळाली नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, फाइली कुलूपबंद करून पैसे मागत सुटला, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये या आवृत्तीनं फोल्डर शेअर करायचा भाग मुळात घालायचंच बंद झालं, विंडोज ११ मध्येही तेच. म्हणजे तुमच्या होस्टमध्ये काही बिघडलेलं नाही, ते दार मुद्दाम बंद ठेवलंय. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. ज्या मशिनवर गिऱ्हाइकांचे आधार, फोटो, बँकेचे व्यवहार आहेत, त्याचं दार अशा जुन्या पाहुण्यासाठी उघडायचं कशाला?

आणि गरजही नाही. व्हर्च्युअलबॉक्सचे शेअर्ड फोल्डर एक्सपीत नेटवर्क ड्राइव्हसारखे दिसतात, पण ते नेटवर्कवरून चालत नाहीत. होस्ट आणि गेस्ट (आतलं एक्सपी) यांच्यात व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची आतली वाट असते, फाइली तिथून जातात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर पूर्ण बंद केलात तरी शेअर्ड फोल्डर चालूच राहतो. हे कळल्यापासून माझ्या एक्सपीला इंटरनेट सोडाच, नेटवर्कच नाही. तुम्हीही ॲडॉप्टर समोरची खूण काढून टाका. पेजमेकरला नेट लागत नाही.

आता कृती. होस्टवर एक वेगळा फोल्डर करा. माझ्याकडे त्याचं नाव ‘येजा’ आहे, रोमन अक्षरांत लिहिलेलं. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करू नका. एक्सपीत व्हायरस शिरला तर त्याचा हात त्या एका फोल्डरपर्यंतच पोचावा. मग एक्सपी चालू असताना वरच्या डिव्हाइसेस मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची (गेस्टसाठी व्हर्च्युअलबॉक्सनं दिलेल्या ड्रायव्हरांची) सीडी घाला आणि आत सेटअप चालवा. मध्येच एक्सपी भीती घालतं की हा ड्रायव्हर विंडोज लोगो टेस्टिंगमध्ये पास झालेला नाही. तिथे ‘कंटिन्यू एनीवे’ दाबा. डायरेक्ट थ्रीडीची चौकट रिकामी ठेवा, तिची इथे गरज नाही. रीस्टार्ट झालं की मशिनच्या सेटिंग्जमध्ये शेअर्ड फोल्डर्समध्ये ‘येजा’ जोडा, ऑटो-माउंटवर खूण करा आणि ‘मेक पर्मनंट’वरसुद्धा, नाहीतर मशिन बंद झाल्यावर फोल्डर गायब होतो आणि माणूस विनाकारण शोधत बसतो. एवढं केल्यावर माय कॉम्प्युटरमध्ये नवा ड्राइव्ह दिसायला हवा. नाही दिसला तर रनमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन पुढे व्ही-बी-ओ-एक्स-एस-व्ही-आर ही अक्षरं सलग टाइप करा आणि एंटर मारा. शेअर्ड फोल्डर तिथे उभा असतो.

एक शिस्त मात्र पाळा. त्या फोल्डरमधली फाइल पेजमेकरमध्ये थेट उघडून काम करू नका. आधी सी ड्राइव्हवर कॉपी करा, काम करा, सेव्ह करा, पेजमेकर बंद करा आणि मग परत ‘येजा’त टाका. पेजमेकर काम चालू असताना त्याच फाइलमध्ये सारखं लिहीत असतं, बाजूला तात्पुरत्या फाइलीही करतं. शेअर्ड फोल्डर हा खऱ्या डिस्कसारखा वागत नाही. जुनी अकाउंटची सॉफ्टवेअरं तर तिथून चालवूच नका, त्यांच्या डेटाबेसला फाइल लॉक करावी लागते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ‘कधी कधी फाइल दिसते पण पेजमेकर उघडत नाही’. मला वाटतं दोष शेअरिंगचा नसून फाइलच्या नावाचा आहे. होस्टवर आपण सहज ‘लग्नपत्रिका अंतिम’ असं देवनागरीत नाव देतो. एक्सपी ते नाव नीट सांभाळतं, फक्त रीजनल सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा सपोर्ट बसवलेला नसेल तर चौकोन दाखवतं. पण पेजमेकर ७ युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या एकाच पद्धतीच्या) आधीच्या पठडीतलं. त्याला ते नाव म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, आणि प्रश्नचिन्हांच्या नावाची फाइल डिस्कवर नसतेच. ‘येजा’त जाणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव रोमन अक्षरांत, लहान आणि स्पेस न देता ठेवा. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून पाठवलेले फोटो होस्टवरच जेपेग किंवा टिफ करून घ्या, नव्या फोनचे फॉरमॅट एक्सपीतली सॉफ्टवेअरं उघडत नाहीत.

तशीच दुसरी गोष्ट, मजकुराची. क्लिपबोर्ड शेअर करून पेजमेकरमधला मराठी मजकूर होस्टवर पेस्ट केलात तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग येईल. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. आपल्या जुन्या फॉन्टांमध्ये ‘क’च्या जागी खरं तर कुठलं तरी रोमन अक्षरच साठवलेलं असतं, फॉन्ट त्याच्यावर ‘क’चं चित्र चढवतो. होस्टवर तो फॉन्ट नाही, म्हणून चित्र उतरतं. छपाईला द्यायचं असेल तर एक्सपीतच पीडीएफ करा, फॉन्ट एम्बेड करून (फाइलीतच घालून), आणि ती बाहेर आणा. मजकूरच पुढे वापरायचा असेल तर युनिकोड कन्व्हर्टर लागेल, त्याचा फाइल शेअरिंगशी संबंध नाही.

पेन ड्राइव्हचं उत्तर लहान आहे. एक्सपीकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, म्हणून सेटिंग्जमध्ये कंट्रोलर २.० निवडा. ड्राइव्ह एक्स-फॅट फॉरमॅटचा असेल तर एक्सपी तो आपसूक ओळखत नाही, फॅट३२ करा. ड्राइव्ह गेस्टनं घेतला की होस्टवरून नाहीसा होतो, ते बरोबरच आहे.

गेस्ट ॲडिशन्स काही केल्या बसत नसतील, किंवा कुणाकडे विंडोज ९८ असेल, जिथे शेअर्ड फोल्डर मुळात चालतच नाहीत, तर दुसरी वाट आहे. आत फक्त न्यायचं असेल तर फाइलींची आयएसओ (सीडीसारखी वापरता येणारी एक फाइल) करा आणि ती सीडी म्हणून घाला. व्हर्च्युअलबॉक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ऑप्टिकल डिस्क निवडायच्या खिडकीतच फोल्डरवरून तशी डिस्क तयार करायची सोय आहे. सीडीवर गेस्टला लिहिता येत नाही, म्हणून फॉन्ट आणि सेटअप नेण्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते. दोन्हीकडे ये-जा हवी असेल तर व्हीएचडी प्रकारची दोन जीबीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क (एका फाइलीत मावणारी खोटी हार्ड डिस्क) करा, ती मशिनला दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि आतून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मशिन बंद केलं की होस्टच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ करून ती साध्या ड्राइव्हसारखी उघडते. काम झालं की ‘डिटॅच’ करायचं आणि मगच मशिन चालू करायचं.

दाभोळ-धोपावे फेरीबोट तुम्ही अनेकदा धरली असेल. ती एका वेळी एकाच धक्क्याला लागते. ही डिस्क तशीच आहे. दोन्ही काठांना एकदम बांधायला गेलात तर माल बुडतो. माझा बुडालाय.

शिमग्याच्या आधीचा आठवडा होता. गावच्या पालखीचं पत्रक करत होतो: कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी, सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) किती वाजता, कुणाच्या घरी मुक्काम. चौदा वाड्यांचं वेळापत्रक. तेव्हा माझ्याकडे गेस्ट ॲडिशन्स बसत नव्हत्या, म्हणून हीच दुसऱ्या डिस्कची पद्धत वापरत होतो. दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला, म्हणून मी एक्सपी बंद न करता ‘सेव्ह द मशिन स्टेट’ करून खिडकी मिटली. लाइट आल्यावर मला वाटलं, मशिन बंदच आहे. डिस्क होस्टला जोडली, आत देवळाचा नवा फोटो आणि काजूच्या लेबलाच्या दोन फाइली टाकल्या, नीट डिटॅच केली आणि एक्सपी पुन्हा चालू केलं.

एक्सपीत त्या फाइली दिसेनात. मी एफ५ दाबत राहिलो. दिसत नाहीत तर नंतर बघू म्हणून पत्रकात दोन दुरुस्त्या केल्या आणि त्याच डिस्कवर सेव्ह केलं. संध्याकाळी मशिन रीतसर बंद करून चालू केलं, तर पत्रकाची फाइल उघडेना. चेकडिस्क (डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवलं, त्यानं सांगितलं की पत्रक आणि लेबल या दोन फाइली एकमेकींच्या जागेवर चढल्यात.

कारण नंतर कळलं. सेव्ह केलेली अवस्था म्हणजे बंद मशिन नव्हे, झोपलेलं मशिन. डिस्कवर कुठली जागा रिकामी आणि कुठली भरलेली, हे एक्सपीच्या डोक्यात दुपारचंच होतं. मधल्या वेळात होस्टनं रिकाम्या जागी फाइली ठेवल्या, उठल्यावर एक्सपीनं तीच जागा रिकामी समजून पत्रक लिहिलं. पत्रक वाचलं ते एका कागदामुळे. मानकऱ्यांनी पेन्सिलीनं दुरुस्त्या केलेला प्रूफचा कागद ड्रॉवरमध्ये होता. त्यावरून रात्री एक वाजेपर्यंत सगळं परत बसवलं आणि सकाळी छापलं. पालखीची वेळ एखाद्या वाडीला चुकीची छापली गेली असती तर लोक ओवाळायला ताटं घेऊन उभे आणि पालखी दुसऱ्याच वाटेनं, असं झालं असतं. तो विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ही पद्धत वापरायची असेल तर एक्सपी स्टार्ट मेन्यूतून पूर्ण शटडाउन झालंय आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत त्याच्याखाली ‘पॉवर्ड ऑफ’ लिहिलंय हे डोळ्यांनी बघा. ‘सेव्ह्ड’ दिसलं तर डिस्कला हात लावू नका. स्नॅपशॉटचंही (मशिनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) तसंच. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीएचडी गोठते आणि नवे बदल दुसऱ्या फाइलीत जायला लागतात. मग होस्टवर उघडलेल्या डिस्कमध्ये जुनंच चित्र दिसतं, आणि तिथे काही लिहिलंत तर दोन्हींचा मेळ तुटतो.

तुमच्याकडे एक्सपी आहे, त्यामुळे या डिस्कच्या भानगडीत पडायची वेळ बहुतेक येणारच नाही. गेस्ट ॲडिशन्स आणि ‘येजा’ फोल्डर यावर रोजचं काम निघतं. सुरुवात करण्याआधी मशिन शटडाउन करून त्याचा सगळा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. पहिला प्रयोग गिऱ्हाइकाच्या कामावर नको. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून ती फाइल आत न्या, आत तिसरी ओळ वाढवा, बाहेर आणा आणि होस्टवर उघडून बघा. तिन्ही ओळी दिसल्या तर पेजमेकरची एखादी जुनी पत्रिका तशीच नेऊन बघा. कुठे अडलात तर व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती आणि एक्सपीचा सर्व्हिस पॅक लिहून इथेच विचारा. दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, मी उत्तरं देतो.