पोरगा म्हणतो, आल्प्सच्या घळी उतरायच्या

रावेर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. ते लिहितात: "मुलगा बारावी सायन्स झाला, ६२ टक्के. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर सांधण दरी उतरून आला आणि तेव्हापासून मोबाइलवर आल्प्समधल्या घळी उतरणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसतो. कॅनियनिंग गाइड, म्हणजे लोकांना दोराने घळी उतरवणारा, व्हायचं, स्वित्झर्लंडला जायचं, म्हणतो. घरची सात एकर केळी मोठा मुलगा बघतो, त्यामुळे शेतीची अडचण नाही. पण हे काम आहे की नुसता नाद? पोट भरेल का? आणि जिवाचं काय? त्याची आई जेवत नाही."

भाऊ, जिवाचं आधी बोलू. बाकीचे प्रश्न त्याच्या मागून येतात.

तुम्ही सुकीच्या काठचे. खाली कडक ऊन, पात्रात गुरं चरताहेत, आणि वर सातपुड्यात कधीचा पाऊस कोसळून गेलेला असतो, हे तुम्ही बघितलेलं आहे. लोंढ्याचा आवाज आला की काठावरचा माणूस चार पावलं मागे सरकतो. घळीत मागे सरकायला जागा नसते. दोन्ही अंगाला उभा कातळ, मध्ये कुठे कुठे दोन हात रुंदीचं पाणी. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटबाख ओढ्यात हेच झालं. वर वादळी पाऊस झाला, खाली पर्यटकांचे गट घळीत होते. २१ जण गेले, त्यात ३ गाइड. मुलाने इतके व्हिडिओ बघितलेत, तर ही हकिगतही त्याला माहीत असली पाहिजे. नसेल तर तुम्ही सांगा.

उंचावरच्या घळींचं गणित आपल्या सह्याद्रीहून वेगळं आहे. तिथे पाणी बर्फ वितळून येतं. सकाळी कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं. रात्रपाळीची लाइट कधी येणार यावर केळीला पाणी द्यायची तुमची वेळ ठरते, तशी तिथल्या गाइडची वेळ त्या पाण्यावर ठरते. शिवाय बऱ्याच घळींच्या वर वीजनिर्मितीचे बांध आहेत. पाणी कधी सोडणार याची चौकशी केल्याशिवाय शहाणा गाइड उतरत नाही. पाण्याचा गारठा असा की जाड निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) सूट घालूनही बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी कॅराबिनरची, म्हणजे दोर अडकवायच्या कडीची, फिरकी उघडत नाही. धबधब्याखालचं पांढरं पाणी हवेने फुगलेलं असतं, त्यात माणूस नीट तरंगत नाही. आपल्या विहिरीत वरून सूर मारणारा पट्टीचा पोरगासुद्धा तिथे गटांगळी खातो. आणि मुख्य गोष्ट: पहिला कडा उतरून दोर खाली ओढून घेतला की आल्या वाटेने परतणं जवळपास संपतं. मग पुढचा प्रत्येक टप्पा उतरूनच बाहेर पडायचं. म्हणून मोठा निर्णय घळीच्या तोंडाशीच घ्यावा लागतो, आज उतरायचं की नाही.

व्हिडिओत उडी दिसते. त्या उडीआधी कोणीतरी डोहात उतरून तळ चाचपलेला असतो, कारण मागच्या खेपेला खोल असलेल्या डोहात पुराने धोंडा आणून टाकलेला असू शकतो. ते कापून टाकतात.

मी स्वतः एकदा साम्रदला गेलो होतो, सांधणसाठीच. वयाची पन्नाशी उलटल्यावरचा उद्योग, बायकोने ऐकवायचं ते ऐकवलं. आमच्यात एक साहेब होते, अंगाने दणकट, पैसे आगाऊ भरलेले. गाइड बावीस-तेवीसचा पोरगा. त्याने साहेबांना दगडाला टेकून पाय वर करायला लावला, बुटाचा गुळगुळीत तळ बघितला आणि म्हणाला, "सर, तुम्ही फक्त तोंडापर्यंत." बराच वेळ वाद झाला. पोरगा हसत राहिला, हार्नेस, म्हणजे दोराला बांधायचा कमरपट्टा, काही दिला नाही. मला त्या दिवशी कळलं की याला पगार कशाचा मिळतो. तुमचा मुलगा मित्रांच्या घोळक्यात एकट्याने "नको" म्हणू शकतो का? हे तुम्हीच सांगू शकाल, टक्क्यांवरून मला कळणार नाही.

आता पोटाचं. फ्रान्समध्ये हे काम करायला सरकारी पदविका लागते. स्वित्झर्लंडमध्ये असा धंदा चालवायला २०१४ पासून कायद्याने परवानगी लागते. त्यावर फ्रेंच किंवा जर्मन भाषा आणि सगळ्यात अवघड म्हणजे वर्क परमिट. कोणी एजंट "लाखभर भरा, तिकडचं सर्टिफिकेट देतो" म्हणाला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. आपल्याकडे नुसत्या घळी उतरवून वर्षभर घर चालत नाही, हंगाम मोजक्या महिन्यांचा. यावर जगणारे लोक ट्रेक, प्रस्तरारोहण, शिबिरं, बचावाचं प्रशिक्षण असं सगळं मिळून करतात.

म्हणून पदवी सोडू नका. बीएस्सी असो की बीए, जळगाव-फैजपूरला होईल ती होऊ द्या. त्याच काळात उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनाली किंवा १९५४ पासून चालू असलेली दार्जिलिंगची संस्था, यांपैकी एकीकडे बेसिक कोर्सला अर्ज करायचा. साधारण चार आठवड्यांचा असतो, प्रतीक्षा लांब, म्हणून फार रेंगाळायचं नाही. तिथे 'ए' ग्रेड मिळाली तरच अॅडव्हान्स. त्यानंतर शिकवण्याचा आणि शोध-बचावाचा असे पुढचे कोर्स आहेत. घळी स्वतंत्रपणे शिकायच्या झाल्या तर नेपाळ जवळ आहे, तिथल्या जलबिरे गावी हे चालतं. पण ते दोराची शिस्त अंगात मुरल्यावर. राज्यात कोणाकडे हाताखाली काम धरलं, तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्यांची नोंदणी आहे का आणि मदतनिसाचाही विमा उतरवतात का, एवढं विचारूनच.

अजून एक वाट मुलाने बघितलेली नसणार. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या धुळ्यालाच आहे, त्यात राज्य राखीव पोलीस दलातून माणसं घेतात. पुरात दोर टाकून माणूस काढणं हे त्यांचं रोजचं काम, आणि पगार सरकारी. राखीव पोलीस भरतीचा अभ्यास पदवीबरोबर करता येतो. मला स्वतःला हीच वाट जास्त पटते, पण माझ्या पटण्यावर त्याने जाऊ नये.

या महिन्यात एकच करा. त्याला जळगावला तलावावर पाठवा, प्रशिक्षकाच्या हाताखाली, रोज सकाळी. विहिरीतलं पोहणं धरायचं नाही. सहा आठवडे न चुकता गेला तर बेसिकचा फॉर्म भरा. त्यासोबत डॉक्टरची तपासणी लागते, ती तालुक्याला करून घ्या. त्याच्या आईला सांगा, पोरगा अजून रावेरातच आहे, जेवून घ्या.

कोर्सहून परत आला की पुन्हा लिहा. ग्रेडचा कागद सोबत जोडा, कसाही असला तरी.