होडी म्हटलं की दार उघड

बाय,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण मोबाईलवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून आज सकाळच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर सावकाश लिहायला बसलेय. टांझानियाला सेवेला जायचं तिकीट झालं, लसी झाल्या, आई रडून झाली, सगळं झालं म्हणतेस आणि शेवटी विचारतेस काय तर "मावशी, तिकडे माझी श्रद्धा वाढेल ना?" खरं सांगू का, पहिले काही महिने ती कमी होईल. माझी झाली होती. घाबरवत नाहीये तुला, पण हे मला कोणी जाताना सांगितलं नव्हतं.

मी दोन वर्षं टांझानियात होते, म्वान्झाच्या जवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, सिस्टरांच्या (नन्सच्या) छोट्या दवाखान्यात. पाणी एवढं की पलीकडचं काही दिसत नाही, पहिल्या दिवशी मला वाटलं अरे हा तर आपला अर्नाळ्याचा समुद्रच, पण वास खारा नाही आणि भरती-ओहोटी नाही. संध्याकाळी गेलं की पाणी सकाळी होतं तिथेच. मला ते फार दिवस विचित्र वाटत राहिलं. असो.

आपण वसईचे, आपल्याला वाटतं प्रार्थना आपल्या रक्तातच आहे. अगं आपल्याकडे संध्याकाळी घंटा झाली की आई टीव्ही बंद करते, मे महिन्यात क्रुसापाशी माळेच्या (रोझरीच्या) प्रार्थनेला नाही गेलीस तर शेजारीण दुसऱ्या दिवशी विचारते बरं नाही का म्हणून, फेस्ताची म्हणजे चर्चच्या सणाची नऊ दिवसांची नोव्हेना, कोणाच्या घरी मयत झालं तर सगळी आळी तिथे. तिथे ह्यातलं काहीच नाही. रविवारची मिस्सा तीन-तीन तास, ढोल, नाच, अर्पणाला लोक केळ्यांचे घड आणि जिवंत कोंबड्या घेऊन येतात, बघायला छानच, पण स्वाहिलीतला एक शब्द कळत नव्हता आणि रात्री मच्छरदाणीत माळ घेऊन बसले की दुसऱ्या दशकाला (दहा मण्यांच्या दुसऱ्या फेरीला) सगळं कोरडं. तिसऱ्या महिन्यात मी माळ उशीखाली ठेवली ती काढलीच नाही. कोणाला सांगितलं नाही, सिस्टरांना वाटायचं ही भारतातून आलेली किती भाविक बाई. मला मात्र तेव्हा कळलं की इतकी वर्षं प्रार्थना घंटा करत होती, आई करत होती, आळी करत होती, मी त्यांच्याबरोबर वाहत होते. माझं स्वतःचं असं त्यात फार थोडं होतं.

तिथे दाराशी आलेला माणूस दार वाजवत नाही, "होडी!" म्हणून हाक मारतो, आत येऊ का असा अर्थ, आणि आपण "करिबू" म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खिडकीतून खरंच तलावाकडे बघितलं, म्हटलं कुठली होडी आली! तर एका संध्याकाळी अशीच होडी होडी करत एक बाई आली, दगा वाळवणारी. दगा म्हणजे तिथली बोटाएवढी मासळी, रात्री दिव्यावर पकडतात, चांदण्या रात्री होड्या जातच नाहीत. आपले कोळी भरती बघतात, ते चांद बघतात. सकाळी वाळूवर पसरलेली ती मासळी बघितली की मला आपलं वसईचं पाचूबंदरच आठवायचं. ती बाई मला हाताला धरून जुमुइयाला घेऊन गेली, म्हणजे वस्तीतली दहा-पंधरा घरं आठवड्यातून एकदा एकाच्या अंगणात जमून प्रार्थना करतात ती. मी कोपऱ्यात बसले, तर म्हणाले आता पाहुणीने म्हणायचं. मला स्वाहिलीत काही येत नव्हतं, मग "हे आमच्या स्वर्गातील बापा" मराठीत म्हटलं, कित्येक आठवड्यांनी मोठ्याने, आणि मध्येच एक ओळ विसरले. बाय, आयुष्यभर म्हटलेली प्रार्थना विसरले मी. त्यांना काय कळणार, ते सगळे "आमीना" म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत तेच, म्हण म्हणे तुझ्या भाषेतलं. त्यांनी मागितलं म्हणून मी रात्री उजळणी करायला लागले आणि उजळणी करता करता कधीतरी ती प्रार्थना झाली. नक्की कुठल्या रात्री ते विचारू नकोस, मला माहीत नाही.

म्हणून कोरडं वाटलं तर खोलीत बसून स्वतःला तपासत राहू नकोस, कोणाच्या तरी अंगणात जाऊन बस.

दुसरी माझी चूक ऐक, ही जास्त लाजिरवाणी आहे. पहिल्याच आठवड्यात मी दवाखान्याचं औषधांचं कपाट आवरलं, आमच्या इथल्या हॉस्पिटलसारखं, लेबलं लावून, आणि स्वतःवरच खूश. रात्री लाईट गेली, फिट आलेलं पोर आलं, आणि तिथली नर्स जी वर्षानुवर्षं अंधारात हात घालून बरोबर औषध काढायची तिला काही सापडेना. टॉर्च शोधून मिळेपर्यंत वेळ गेला. पोर वाचलं. ती मला एक शब्द बोलली नाही, सकाळी येऊन गुपचूप सगळं होतं तसं लावून ठेवलं, आणि मी बाजूला उभी राहून बघितलं. निदान पहिला महिना कुठल्या कपाटाला हात लावू नकोस. विचार की हे इथे का ठेवलंय. कारण असतंच.

भाषा मात्र पहिल्या दिवसापासून शिक. तिथे भारतीय म्हणजे दुकानदार असाच समज, भारतीय बाई मिस्साला येते ह्याचंच त्यांना नवल. मग मी त्यांना आपल्या संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगायची. ज्याच्या नावाचं चर्च वसईत गासला आहे तोच, वसईचा पोरगा, आई इथली, बाप पोर्तुगीज. 1597 च्या 5 फेब्रुवारीला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारलं त्यात हा होता, 1862 मध्ये संत झाला. फेस्ताच्या प्रवचनात आपण नेहमी मरणाचंच ऐकतो गं. पण तो फादर नव्हता, साधा ब्रदर, आधी व्यापार करायचा, जपानी यायची म्हणून फ्रान्सिस्कनांनी मनिलाहून जपानला जाताना त्याला दुभाषा म्हणून बरोबर घेतलं. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नीट पोचवायचं हे त्याचं काम. मला तो तिथे गेल्यावर पहिल्यांदा आवडला.

बाकी किरकोळ. टुरिस्ट व्हिसावर सेवेचं काम करू नकोस, कोणी कितीही "चालतं" म्हटलं तरी. मच्छरदाणी रोज, कंटाळा नाही. तिथल्या पोरांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नकोस, आपल्या आळीतल्या शेंबड्या पोरांचे कोणी परक्याने टाकले असते तर तुझ्या आईने त्याला काय केलं असतं ते आठव. मोठ्या माणसाला "शिकामू" म्हण, तो तिथला आदराचा नमस्कार. आणि घड्याळ! तिथे तास सकाळी सहापासून मोजतात, सा ताटू म्हणजे तीन वाजले नव्हे, सकाळचे नऊ. मी दुपारी तीनला नटूनथटून मिस्साला गेले होते, चर्चमध्ये एक बकरी होती फक्त.

परत आल्यावर काय होतं ते आता लिहीत नाही, एवढंच की लग्नाच्या जेवणावळी बघून तुला सगळ्यांचा राग येईल, तेव्हा तोंड बंद ठेव आणि माझ्याकडे चहाला ये.

सुकेळी, आपली वाळवलेली केळी, नेशील ना? पक्की वाळलेली घे, ओलसर असली तर बुरशी येते. सगळी पहिल्या दिवशी वाटून टाकू नकोस, थोडी मागे ठेव, कोणीतरी होडी होडी करत येईलच. आणि येताना मला दगाचं एक पाकीट आण, तीन पिशव्यांत बांध, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागेल.

तुझी,
मावशी