आदिवासींची झाडांबद्दलची माहिती शास्त्रीय ज्ञान मानावी का?

तुम्ही विचारले आहे की, आदिवासींजवळची झाडापाल्याची माहिती वनस्पतिशास्त्राने ज्ञान मानावी, की प्रयोगशाळेत तपासली जाईपर्यंत ती ऐकीव समजावी. माझ्या मते ते ज्ञानच आहे आणि ज्याने ते दिले त्याच्या नावानिशी ते नोंदवले गेले पाहिजे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कर्जत तालुक्यातील रानभाज्यांचे नमुने गोळा करत होतो. जूनच्या सुरुवातीला शेवळे मिळाली. महाछद (फुलोऱ्याभोवतीचे मोठे आवरण) आणि स्थूलकणिश (आतला जाड दांड्यासारखा फुलोरा) नीट दाबून मी त्यांचे हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेला नोंदीचा कागद, केले. पुढे आषाढात त्याच रानातून लोत नावाच्या रानभाजीची पाने आणली आणि ती निराळी वनस्पती समजून दुसऱ्या शीटवर लावली, कारण फुलाजवळ पान नव्हते आणि पानाजवळ फूल नव्हते. ठाकरवाडीतील ज्या आदिवासी मावशींबरोबर मी रानात जात असे, त्यांनी दोन्ही शीटे पाहिली, मला करवंदीच्या एका जाळीपाशी नेले आणि काठीने माती उकरून लोताच्या बुडाचा कंद दाखवला. याच जागचे शेवळ त्यांनी जूनमध्ये माझ्यादेखत खुडले होते. “फूल आधी येतं, पान मागनं,” एवढेच त्या म्हणाल्या. सुरणाच्या प्रजातीतील अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस या वनस्पतीचे जीवनचक्र मला असे उलगडले. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजी आंबट काकडे (काकड या रानझाडाची फळे) घालून शिजवायची, म्हणजे घसा खवखवत नाही, हे त्यांच्या चुलीपाशी शिकलो.

प्रबंधात मी मावशींचे नाव लिहिले, तेव्हा मार्गदर्शकांनी ते खोडून तेथे ‘स्थानिक माहितगार’ असे लिहायला लावले. शास्त्रीय लेखनात अशा नावांना जागा नसते, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते मान्य केले, याचे मला आजही वाईट वाटते.

कारण ते म्हणणे साफ चुकीचे होते. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारमधील (आजच्या केरळातील) वनस्पतींवरचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला 12 खंडांत छापला गेला, आणि त्यात इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्यांनी दिलेल्या माहितीबद्दल त्यांनीच लिहिलेले प्रमाणपत्र त्यांच्या नावासह आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचे कोकणीतील निवेदनही तेथे देवनागरीत छापलेले आहे. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने याच ग्रंथाचा आधार घेतला. सतराव्या शतकात जे जमले, ते आपल्या विद्यापीठांना का जमू नये?

तुम्ही विद्यार्थी असाल, तर माहिती देणाऱ्याची संमती घ्या आणि नाव, वाडी, दिनांक व स्थानिक नाव शीटवरच लिहा. कोणी खोडायला सांगितले, तर त्या ग्रंथातील ते पान त्यांच्यासमोर ठेवा.

अर्थात, एकच स्थानिक नाव दोन खोऱ्यांत दोन झाडांना असू शकते, म्हणून शीटला पर्याय नाही. आणि एखादे मूळ अमुक रोगावर चालते, असा दावा असेल, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. शेवळे मात्र जाणत्या माणसाने निवडून दिल्याशिवाय शिजवू नका.